छपरावरचं खोकं

व्होल्टेज रेग्युलेटर हा सर्किटमधला सगळ्यात दुर्लक्षित घटक असावा. ई अँड टीसीच्या दुसऱ्या वर्षी तो एका प्रॅक्टिकलपुरता भेटतो. इनपुट कमीजास्त करा, आउटपुट स्थिर राहिल्याचं तक्त्यात लिहा, सही घ्या. पुढे वर्गातल्या बहुतेकांसारखी मीही सॉफ्टवेअरमध्ये गेले आणि या तीन पायांच्या प्राण्याशी संबंध संपला. तो पुन्हा जुळला मामांच्या विहिरीमुळे.

मामांचं शेत सोलापूर जिल्ह्यात. शेतीची थ्री-फेज लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. मग दीड वाजता उठायचं, बॅटरी घेऊन उसातून विहिरीवर जायचं आणि मोटर चालू करायची. त्याच वाटेवर शेजारच्या बांधावरचा एक माणूस घोणस चावून गेला. त्यानंतर मामांनी मोबाइलवर चालणारा स्टार्टर घेतला. आत जीएसएम मॉड्यूल असतं. त्याला फोन लावायचा, ते उचलतं आणि मोटर चालू होते. दुकानात तो दहापैकी दहा वेळा चालला. विहिरीवर मात्र फोन लागताच खोकं मेल्यासारखं व्हायचं. दुकानदाराने दोनदा बदलून दिलं आणि मग सांगितलं, "आमच्याकडे चालतंय, तुमच्या लाइटचा प्रॉब्लेम आहे." आमच्या धंद्यात हे वाक्य रोज कानावर पडतं.

मामांनी मला फोनवर एवढंच सांगितलं, "खोकं छपरावर ठेवलं की उचलतंय बघ फोन. खाली भिंतीला लावलं की मरतंय."

नोकरीत मी शेकडो बग रिपोर्ट वाचले आहेत. इतका नेमका क्वचितच मिळतो. छपरावर रेंज चांगली, भिंतीपाशी कमी. रेंज कमी असली की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावतो, म्हणजे जास्त करंट ओढतो. जीएसएममध्ये हा करंट सलग जात नाही. आठ जणांनी वेळ वाटून घेतलेली असते, प्रत्येकाला ४.६ मिलिसेकंदांत एकदा, ५७७ मायक्रोसेकंदांपुरतं बोलता येतं. तेवढ्या क्षणात हे मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत करंट मागतं आणि व्होल्टेज ३.४च्या खाली गेलं तर बंद पडतं. मल्टिमीटरवर मात्र निवांत ४.२ दिसत होतं. बरोबरच आहे. सेकंदातून दोन-चारदा आकडा बदलणाऱ्या मीटरला अर्ध्या मिलिसेकंदाचा खड्डा दिसणार कसा? त्यासाठी ऑसिलोस्कोप हवा आणि तो माझ्याकडे नव्हता. लॅपटॉप होता.

म्हणून बोर्ड उघडून, वाटा बोटाने चाचपत, त्याचा आराखडा किकॅडमध्ये काढायला घेतला. किकॅड हे सर्किट आणि बोर्ड काढायचं मुक्त सॉफ्टवेअर. ज्यां-पिएर शारास या फ्रेंच प्राध्यापकाने ते १९९२मध्ये सुरू केलं. पुढे सर्न या संशोधनसंस्थेनेही त्यात भर घातली. २०१८च्या पाचव्या आवृत्तीपासून त्यात एनजीस्पाइस हे सिम्युलेटर आहे. त्याचं मूळ बर्कलीत १९७०च्या दशकात लॅरी नेगेल या विद्यार्थ्याने, डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली लिहिलेल्या स्पाइसमध्ये. विद्यापीठाने तो प्रोग्रॅम मागेल त्याला दिला, म्हणून तो माझ्यापर्यंत पोचला.

फुकट मिळालं म्हणजे सोपं असतं असं नाही. आराखडा तपासायला सांगितला तर पहिलीच तक्रार: पॉवरच्या पिनला कोणी वीज पुरवतच नाही. वीज येते ती कनेक्टरमधून, पण किकॅडच्या लेखी कनेक्टर म्हणजे नुसता धातूचा तुकडा. तिथे 'पीडब्ल्यूआर फ्लॅग' नावाचं चिन्ह ठेवावं लागतं. थोडक्यात, "इथून वीज येते, हे मी सांगते." तहसील कचेरीत देतो तसलं स्वयंघोषणापत्रच. पुढचं कोडं पायांचं. बोर्डवरच्या एलएम ३१७ या रेग्युलेटरच्या चिन्हावर पायांचा क्रम अॅडजस्ट, आउटपुट, इनपुट असा असतो. मिळालेल्या मॉडेलमध्ये तो इनपुट, अॅडजस्ट, आउटपुट असा होता. ही जुळणी करून दिली नाही तर सिम्युलेटर कुरकुर न करता भलतंच उत्तर देतो. तिसरी खोड जुनी आहे. स्पाइसला लहान-मोठं अक्षर सारखंच, त्यामुळे 'एम' म्हणजे मिली. मेगा हवा असेल तर 'मेग' लिहायचं. दहा लाख ओहमचा रेझिस्टर एका अक्षराने ओहमचा हजारावा भाग होतो.

सर्किट साधं होतं. ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट, डायोड, मग एलएम ३१७. त्याच्या दोन पायांत १.२५ व्होल्ट कायम राहतात. २४० आणि ५६० ओहमच्या रेझिस्टरांनी त्याचे सुमारे ४.२ व्होल्ट केलेले. पुढे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मॉड्यूलच्या जागी मी २ अँपिअर ओढणारा, ५७७ मायक्रोसेकंदांचा स्पंद लावला. आलेख सरळ रेषेत ४.२. सगळं आलबेल.

इथेच खरी गंमत होती. त्या मॉडेलमध्ये रेग्युलेटरला करंटची मर्यादाच लिहिलेली नव्हती. डेटाशीट सांगते की १.५ अँपिअरची हमी, साधारणपणे २.२. म्हणजे एखादा नग २ अँपिअर देईल, एखादा दीडवरच थांबेल आणि दोन्ही नग निर्दोषच. हमीचा आकडा धरून दीडची मर्यादा घातली आणि आलेखात खड्डा पडला. हिशेब कागदावरही जमतो. अर्धा अँपिअर कमी पडतो, तो कपॅसिटरने द्यायचा. १०० मायक्रोफॅरडचं व्होल्टेज त्या वेगाने दर मिलिसेकंदाला ५ व्होल्ट उतरतं, म्हणजे १६० मायक्रोसेकंदांतच ३.४ची रेषा ओलांडते. बोलणं संपायला अजून चारशेहून जास्त मायक्रोसेकंद बाकी असतात. १००० मायक्रोफॅरड लावला तर पूर्ण स्पंदात घट जेमतेम ०.३ व्होल्ट. शिवाय मॉड्यूलपर्यंत गेलेल्या बारीक वायरी होत्या. २ अँपिअरला ०.२ ओहमसुद्धा ०.४ व्होल्ट खातो.

दुकानदार खोटं बोलत नव्हता. तालुक्याच्या गावात टॉवर समोरच. तिथे मॉड्यूलला २ अँपिअर लागतच नव्हते. बोर्ड जिथे तपासला तिथे चांगला होता, जिथे त्याची गरज होती तिथे कोणी तपासला नव्हता.

शनिवारी गावी गेले. मॉड्यूलच्या पायांशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, वायरी जाड आणि आखूड केल्या. खोकं भिंतीला लावून मामांनी वीस वेळा फोन केला, वीसही वेळा मोटर चालू झाली. "किती लागले?" मामांनी विचारलं. चाळीस रुपये. ते बराच वेळ खोक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वरच्या अंगाच्या पाच विहिरींवर हेच लावलंय."

येताना आराखड्याचा प्रिंट दुकानदाराला दिला. त्याने चष्मा लावून तो नीट पाहिला आणि कपॅसिटरवर बोट ठेवून विचारलं, "हजारचा चालेल, का बावीसशेचा टाकू?"

"बावीसशेचा टाका," मी म्हटलं. "आणि लावल्याची तारीख आत लिहा. उन्हाने हे कपॅसिटर सुकतात. काही वर्षांनी बदलावे लागतील."