दिव्याखालची मासोळी

मालवणात मासा दोनच ठिकाणी बघायचा, लिलावात नाहीतर ताटात, असा माझा समज होता. बाजारपेठेतल्या एका खानावळीने तो मोडला. गल्ल्याशेजारी काचेची टाकी, वर निळ्या उजेडाची पट्टी आणि आत दहा-बारा मासोळ्या, काही भडक लाल, काही पोपटी. लांबी जेमतेम दीड इंच. सुरमईच्या तुकडीची वाट बघणारं गिऱ्हाईक मासोळीकडे बघत बसतं आणि मासोळी गिऱ्हाइकाकडे, कारण काचेजवळ माणूस आला की खाणं पडतं एवढं तिला पक्कं ठाऊक. अधाशी आणि चुळबुळी. एक वळली की सगळ्या वळणार.

"बाबा, रेडियमचा मासा!" शेजारच्या टेबलावरचा मुलगा ओरडला. मालकांनी हिशेब थांबवून त्याला दुरुस्त केलं, "रेडियम नाय रे झिला. लायट गेली काय हेंचीव जाता."

आमटी येईपर्यंत लायट गेलीच. पोपटी मासोळी मळकट पिवळी झाली, लाल होती ती विटकरी. अंगावरच्या निळसर रेघा, मघाशी झगमगाटात बुडालेल्या, आता कुठे दिसल्या.

मालकांचं वाक्य शास्त्राला धरून होतं. हिच्या अंगात एक प्रथिन आहे. ते निळा उजेड पितं आणि हिरवा किंवा लाल करून परत टाकतं. वरून उजेड आला नाही तर द्यायला तिच्याकडे काही नाही. याच किनाऱ्यावर पावसाळा सरल्यावर कधीकधी काळोख्या रात्री लाटेच्या कडेला निळी रेघ पेटते, ती गोष्ट वेगळी. ते नॉक्टिलुका नावाचे सूक्ष्म जीव. लाटेने हलवलं की ते आपल्या अंगातल्या रसायनांतून स्वतःचा उजेड काढतात. त्यांची स्वकमाई, हिची उसनवारी.

हिचं नाव झेब्रा डॅनिओ, आणि माहेर आपल्याकडचंच. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टराने 1822 साली गंगेच्या माशांवर पुस्तक लिहिलं, त्यात कोसी नदीतली ही रेघांची मासोळी आहे. 1999 साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात तिच्या अंड्यात जेलीफिशचं जनुक घातलं गेलं. हेतू शोभेचा नव्हता. पाणी दूषित झालं की चमकून सांगेल असा मासा तिथल्या संशोधकांना हवा होता. लाल रंगाचं जनुक प्रवाळाच्या कुळातल्या एका जीवाकडून आलं. म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात जे प्रवाळ आहेत, ते हिचे लांबचे सोयरे. पुढे अमेरिकेतल्या एका कंपनीने तिला नाव लावून 2003 च्या अखेरीस बाजारात आणलं, आणि फिरत फिरत ती इकडे पोचली. कागदपत्रांशिवाय. आपल्याकडे पर्यावरण कायद्याखालच्या 1989 च्या नियमांनुसार असा जीव आणायला किंवा विकायला आधी केंद्राच्या समितीची मंजुरी लागते. ती हिच्याकडे नाही. टाक्या विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला बहुधा हे माहीतही नसतं.

हिला बघून कोणी हळहळतं, "बिचारीला रंग टोचला असेल." तो छळ दुसऱ्या माशाच्या नशिबी आला. आपल्याच नद्यांतला पारदर्शक काचमासा सुईने रंग टोचून विकला जातो. रंग काही महिन्यांत विटतो आणि जखमेतून रोग शिरतो. या मासोळीचा रंग वंशाचा आहे, पिल्लं तो घेऊनच जन्मतात. टाकीत हात घातला, पाणी उडालं, तरी माणसाला काही होत नाही. राहिला मालवणी प्रश्न, खाल्ली तर? दीड इंचात खाणार काय?

धोक्याची गोष्ट दुसरीच आहे. अमेरिकेने तिच्या विक्रीला मोकळीक दिली तेव्हा म्हटलं की साधा झेब्रा डॅनिओ तिथे कित्येक वर्षं विकला जातो, त्यापेक्षा हिचा धोका जास्त असल्याचा पुरावा नाही. त्यामागे थंडीचा भरवसा होता, उष्ण पाण्यातली ही पोर तिकडच्या हिवाळ्यात जगणार नाही असा. तो भरवसा इथे मालवणात काय कामाचा? ब्राझीलमध्ये मत्स्यशेतीतून सुटलेल्या लाल-हिरव्या मासोळ्या जंगलातल्या ओढ्यांत राहून अंडी घालताना सापडल्या. 2022 साली ते प्रसिद्ध झालं. आणि हिची जात उथळ, संथ पाण्यात, भातखाचरातसुद्धा वाढणारी. आषाढात आपल्याकडे कोणतं पाणी कुठे मिसळतं ते चढणीचे मासे धरणाऱ्याला विचारा.

तिच्या बाजूनेही बोललं पाहिजे. अमेरिकेतच 2015 च्या एका प्रयोगात लाल आणि साधे मासे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र ठेवले. माद्यांना लाल नर आवडायचे, पण साधे नर त्यांना हुसकावून लावत. पंधराएक पिढ्यांत जवळजवळ सगळ्या टाक्यांतून लाल रंग नाहीसा झाला. दुसऱ्या एका प्रयोगात शिकारी माशांनी लाल मासोळ्या साध्यांपेक्षा दुपटीने गट्ट केल्या. आपल्या व्हाळातली मरळ आणि काठावरचा खंड्याही अशी भडक साडी सोडणार नाहीत. तरी मला हा हिशेब पुरेसा वाटत नाही. प्रयोगाची टाकी फोडून टाकता येते, व्हाळ परत गोळा करता येत नाही.

बिल देताना मालक सहज म्हणाले, "पावसात टाकी काढूची आसा. हेंका बावीत सोडतलंय, मच्छर तरी खातले." त्यांची बाव व्हाळाला लागून. मी म्हटलं, विहिरीत नको, व्हाळात नको, खाडीतही नको. नकोशा झाल्या तर दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या टाकीवाल्याला. वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे असतील तर त्यांनाही हेच सांगणं आहे.

मालकांनी सुटे मोजत टाकीकडे बघितलं. "बरां. मगे ऱ्हवांदेत हयच."

गेल्या श्रावणात गेलो तेव्हा टाकी गल्ल्याशेजारीच होती.