एलीला कोणी विचारले?

आमच्या भगिनीच्या घरात गेले काही महिने एका माणसावरून वाद चालू आहे. त्याचे नाव जोएल. हा माणूस खरा नाही, ‘द लास्ट ऑफ अस’ नावाच्या व्हिडिओ गेममधला आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला भाचा म्हणतो, जोएल हिरो आहे. बी.एस्सी.ला गेलेली भाची म्हणते, खुनी आहे. दोघांच्या अम्मीचे मत असे की दोघांनी आधी जेवून घ्यावे.

व्हिडिओ गेम म्हटले की आपण वेळेची नासाडी म्हणून मोकळे होतो, आणि ते बरेचसे खरेही आहे. हा गेम तर मोठ्या माणसांसाठीच काढलेला आहे. त्यात रक्तपात भरपूर आहे, शाळकरी मुलांच्या हाती तो देऊ नये असेच आम्ही सांगू. पण शहाणीसुरती मुले ज्यावरून रात्री बारापर्यंत भांडतात ते आहे तरी काय, हे पाहावेसे वाटले. म्हणून भाच्याच्या शेजारी बसून आम्ही ती गोष्ट शेवटपर्यंत पाहिली.

हा गेम २०१३ साली आला. गोष्ट अमेरिकेतली आहे. एक बुरशी माणसांच्या मेंदूत शिरते आणि माणसे हिंस्र होतात. पहिल्याच रात्री जोएलच्या लहान मुलीला, साराला, एका सैनिकाची गोळी लागते आणि ती बापाच्या हातांत जीव सोडते. पुढची वीस वर्षे जोएल चोरटा माल पोहोचवत, वेळप्रसंगी माणसे मारत जगतो. मग त्याच्याकडे पोहोचवायला येते चौदा वर्षांची एली. बाधा झालेल्याने चावा घेऊनही तिला रोग झालेला नाही. तिला ‘फायरफ्लाइज’ नावाच्या बंडखोरांकडे न्यायचे, म्हणजे लस बनवता येईल. बॉस्टनहून निघताना ती त्याला ओझे वाटते. सॉल्ट लेक सिटीला पोहोचेपर्यंत तो तिचा बाप झालेला असतो.

तेथील इस्पितळात एली बेशुद्ध असताना डॉक्टर ठरवतात की लस हवी तर तिच्या मेंदूतली बुरशी काढावी लागेल. म्हणजे मुलगी जगणार नाही. जोएल पहारेकऱ्यांना मारतो, शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरून डॉक्टरला मारतो आणि मुलीला उचलून बाहेर पडतो. त्या गटाची प्रमुख मार्लीन, जी एलीच्या आईची मैत्रीण होती, जीवदान मागते. तिलाही तो सोडत नाही, कारण ती पुन्हा मुलीच्या मागे येईल. एली शुद्धीवर आल्यावर तो सांगतो की तिच्यासारखे पुष्कळजण त्यांना सापडले होते, उपयोग झाला नाही, त्यांनी शोधच सोडून दिला. एलीला खात्री वाटत नाही. ती त्याला शपथ घ्यायला लावते. तो घेतो. गेम संपतो.

सिनेमात आपण बघे असतो. येथे डॉक्टर समोर उभा असतो आणि त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. भाचा सांगतो, त्याने बराच वेळ बटण दाबले नव्हते, नुसता त्या खोलीत फिरत राहिला. मग दाबले. जोएलची बाजू तो इतक्या तावातावाने मांडतो त्याचे एक कारण आम्हाला हेही वाटते. त्या कामात त्याचाही अंगठा आहे.

वादात त्याने सूरह मायदाच्या बत्तिसाव्या आयतीचा आधार घेतला, एक जीव वाचवण्याचे मोल केवढे आहे ते सांगायला. भाची म्हणाली, “भाईजान, त्याच आयतीत त्याच्या आधी काय आहे, ते पण वाच ना.” आधी आहे ते एका जिवाच्या हत्येविषयी. मकतबात दोघांनी सबक नीट केला होता, याचे आम्हाला समाधान वाटले. वाद मात्र तेथेच राहिला.

आमचे मन वेगळ्याच ठिकाणी अडकले होते. एलीला कोणी विचारलेच नाही. तिचा जीव घेऊन जग वाचवायला निघालेल्यांनी तिला जागे होऊ दिले नाही, आणि तिचा जीव वाचवणाऱ्याने जागी झाल्यावर खरे सांगितले नाही. ती कदाचित मरायला तयार झाली असती. २०२० साली आलेल्या दुसऱ्या भागात ती जवळपास तसेच बोलून दाखवते. जोएलला याचीच भीती असावी.

दर बकरी ईदला आपण हजरत इब्राहिम (अ.) यांचा प्रसंग ऐकतो. हुकूम अल्लाहचा, स्वप्न नबीचे. तरीही बापाने मुलाला स्वप्न सांगितले आणि तुझे काय मत आहे असे विचारले. सूरह साफ्फातमध्ये हे आले आहे. खुतब्यात मुलाचा होकार आपल्या लक्षात राहतो, बापाचा प्रश्न कानावरून निघून जातो. नबी असलेल्या बापाने जे गृहीत धरले नाही ते आपण रोज धरतो.

काही वर्षांपूर्वी दहावीला आमच्या वर्गात एक मुलगी होती. पंच्याऐंशी टक्के मिळाले होते. वडिलांची फळांची हातगाडी. पावसाळ्यात ते तिला सायकलवरून शाळेत सोडत आणि प्लास्टिकचा कागद तिच्यावर धरून स्वतः भिजत. ज्युनिअर कॉलेज तालुक्याच्या गावी, एसटीने तासाभरावर. वडिलांनी घरी येऊन सांगितले, यादी लागली, तुझे नाव नाही. त्यांनी अर्जच भरलेला नव्हता. एसटीतून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींबद्दल काहीबाही कानावर येत होते, आणि भीती वाटते हे मुलीला सांगणे त्यांना जमले नाही.

ती गुणपत्रिका घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, “आपा, माझ्यापेक्षा कमी टक्केवालीचं नाव लागलंय. अब्बू तर कसम खाऊन सांगतायत.”

वर्गात मुले हरवलेल्या पेन्सिलीवरूनही ‘अल्लाची कसम’ खातात आणि आम्ही त्यांना रागावतो. जाणूनबुजून घेतलेली खोटी शपथ मोठ्या गुन्ह्यांत मोजली जाते, हे त्या गृहस्थांना आमच्यापेक्षा कमी ठाऊक नव्हते. पाच वेळचे नमाजी होते.

तिला आम्ही एवढेच म्हटले की हे अब्बूंनाच विचार, आणि असरनंतर गाडीवर गेलो. तिला यादीचे कळले आहे असे सांगितले. ते बराच वेळ मोसंबी रचत राहिले, रचलेली पुन्हा काढून पुन्हा रचली. मग म्हणाले, “मी काय तिचा दुश्मन आहे का, आपा?”

नाही, असे आम्ही म्हणालो, आणि ते खरेच होते. दुश्मन असता तर मुलीला त्याचा राग करून मोकळे होता आले असते. ज्याने भिजून तुम्हाला कोरडे ठेवले, त्याचेच खोटे निघाले तर ते ठेवायचे कुठे? हिरो आणि खलनायक असे दोन कप्पे करणारी माणसे या प्रश्नापर्यंत येतच नाहीत.

त्या रात्री त्यांनी तिला स्वतः सांगितले. प्रवेशाची तारीख गेली होती. तिने पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून घरीच अभ्यास केला, बारावी झाली, आता नर्सिंगला आहे. संध्याकाळी वडील एसटी स्टँडवर तिला घ्यायला उभे असतात. पूर्वीसारखे बोलणे नाही, असे तिची अम्मी सांगते. पण ती त्यांच्या सायकलवर बसून येते.

गेमच्या दुसऱ्या भागात एली त्या इस्पितळात परत जाते आणि सत्य तिला कळते. ती जोएलशी संबंध तोडते. पुढे एका रात्री दोघे समोरासमोर येतात. तो म्हणतो, पुन्हा वेळ आली तर मी तेच करेन. ती म्हणते, माफ करता येईल असे वाटत नाही, पण प्रयत्न करून पाहीन. प्रयत्नाला वेळ मिळत नाही. दुसऱ्याच दिवशी त्या मारल्या गेलेल्या डॉक्टरची मुलगी, ॲबी, जोएलला ठार करते.

आणि मग अर्ध्या वाटेवर गेम खेळणाऱ्याला ॲबीच्या जागी आणून उभे करतो. आता तिच्या बाजूने चालायचे, तिचा बाप कसा होता ते पाहायचे. भाच्याने तेथे गेम बंद केला. दोन आठवडे झाले, उघडलेला नाही. त्याच्या टेबलावर कंट्रोलर तसाच पडून आहे, आणि भाची येता-जाता विचारते, “तू नाही खेळणार तर मी खेळू का?”