मार्चअखेर

३ मार्च २०२५, सोमवार

मार्च लागला की आमच्या बँकेच्या शाखेतल्या ड्रॉवरांमध्ये ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या पट्ट्या दिसायला लागतात. हेड कॅशियरकाकांची पट्टी शिक्क्यांच्या डब्यात, मॅनेजर साहेबांची ब्रीफकेसमध्ये, माझी स्टेपलरच्या शेजारी. आज डबा उघडायला साडेतीन वाजले आणि दोन घास खाऊन झाकण लावलं. भूक होती, पण घास उतरेना.

वॉल्टर कॅननला हेच मांजरांमध्ये दिसलं होतं. हार्वर्डमध्ये क्ष-किरणांखाली मांजरांचं जठर बघता बघता त्याच्या लक्षात आलं, की मांजर बिथरलं की जठराची हालचालच बंद पडते. तो धागा धरून त्यानं पुढची सगळी साखळी शोधली आणि १९१५ साली पुस्तक लिहिलं. संकट दिसलं की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं: काळीज धडधडतं, रक्त स्नायूंकडे वळतं, तोंडाला कोरड पडते, पचन थांबतं. आमची अडचण एवढीच, की काउंटर सोडून पळता येत नाही आणि लढायचं म्हटलं तर समोर कुणी नाही, एक्सेलचा तक्ता आहे. शरीर मात्र दिवसभर कंबर कसून बसलेलं.

५ मार्च, बुधवार

क्षेत्रीय कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री नवानंतर शाखांची क्रमवारी पडते. तळाच्या शाखा लाल रंगात. आज आम्ही लालमध्ये. आमचा नवा कृषी अधिकारी त्यावर हसरा चेहरा टाकणार होता, मी फोन करून थांबवलं. साहेबांनी तोच तक्ता पाहून साडेदहाला मला फोन केला आणि अकरापर्यंत थकीत खात्यांची यादी वाचत राहिले.

मजकूर एकच. एकाला झोप लागली, दुसऱ्याला नाही. एम.ए.ला लॅझरस आणि फोकमन यांचं ताणावरचं १९८४ चं पुस्तक होतं, त्यातला मुद्दा आता नोकरीत पटतो. प्रसंग आला की माणूस मनाशी दोन गोष्टी तपासतो: यात माझं काही जाणार आहे का, आणि जाणार असेल तर माझ्या हातात काय आहे? जाणार बरंच आणि हातात काही नाही, असा हिशेब लागला की ताण. कृषी अधिकाऱ्याचं यात काही जात नाही, त्याचं लक्ष एमपीएससीकडे. साहेबांची पदोन्नती दोनदा हुकली आहे.

तोडगेही दोन तऱ्हेचे. एक प्रसंगाला हात घालणारा, दुसरा मनाला सावरणारा. थकबाकीदाराच्या ओसरीवर जाऊन बसणं हा पहिला, रात्री भीमसेनांचे अभंग लावून पडणं हा दुसरा. दोन्ही लागतात. घोटाळा होतो तो अदलाबदलीनं. जिथं हात घालता येईल तिथं आपण मन रमवत बसतो, आणि जिथं हात पोचतच नाही तिथं रात्रभर आकडेमोड करतो. साहेब सध्या ही रात्रभराची आकडेमोड करत आहेत.

१२ मार्च, बुधवार

आज 'तणावमुक्त बँकर' या विषयावर व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. वेळ संध्याकाळी साडेसहा, हजेरी सक्तीची, सगळा स्टाफ बसल्याचा फोटो पाठवायचा. माझ्या शेजारी काकांनी कॅशचं रजिस्टर मांडीवर उघडून ठेवलं होतं, फोटोपुरतं मिटलं.

प्रशिक्षक बाई चांगल्या होत्या. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. याबद्दल माझी तक्रार नाही. उच्छ्वास लांबवला की व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाचे ठोके मंदावतात, यात गूढ काही नाही. मी रोज कॅश उघडण्यापूर्वी करते आणि हात स्थिर राहतो. पण मग त्या म्हणाल्या, ताण ही मोठ्या खुर्चीची किंमत असते. हे खोटं आहे. लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सरकारी नोकरांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सगळ्यांना लाल फितीचं काम, कुणी उपाशी नाही, कुणी खाणीत उतरत नाही. तरी हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा तळाच्या कर्मचाऱ्यांत कितीतरी जास्त. धूम्रपान, रक्तदाब वगैरे वजा करूनही फरक उरलाच. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी पुढे १९८५ पासून दुसरी फेरी केली, तेव्हा एक कारण स्पष्ट झालं: आपलं काम कधी, कसं, किती करायचं यात ज्याला काहीच बोलता येत नाही, त्याचं हृदय जास्त धोक्यात. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं. नुसतं कामाचं ओझं माणसाला मोडत नाही. ओझं मोठं आणि मुभा शून्य, ही जोडी मोडते.

व्हीसी सुटली पावणेआठला. आठ वाजता त्याच ग्रुपवर: 'आजचे विमा व म्युच्युअल फंडाचे आकडे १५ मिनिटांत द्या.' आता चार मोजत श्वास घ्यायचा की आकडे द्यायचे?

१७ मार्च, सोमवार

मुलीचा भूगोलाचा पेपर झाला, दहावी संपली. घरी येऊन जी झोपली ती रात्री जेवायलाच उठली.

महिनाभर तिला पाहत होते. रडली, चिडली, एकदा कंपासपेटी भिंतीवर फेकली. पण कपाटावर चिकटवलेलं वेळापत्रक होतं आणि ती एकेक पेपर खोडत होती. माझ्या तणावाला असं वेळापत्रक नाही. आधी कळण्यानं काय फरक पडतो, हे पाहायला जे वाईस यांनी १९७० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये उंदरांवर प्रयोग केले होते. दोन उंदरांना अगदी सारखे विजेचे झटके. एकाला आधी इशारा मिळायचा, दुसऱ्याला कधीही झटका बसायचा. इशारा मिळणाऱ्याच्या जठरात व्रण फारच कमी. दुसऱ्या प्रयोगात एकाला चाक फिरवून झटका थांबवता येत होता. दुसऱ्याचं नशीब पहिल्याच्या चाकाला बांधलेलं. झटके मोजून तेवढेच, व्रण मात्र चाक नसलेल्याला जास्त. उंदरांची दया येते, पण क्षेत्रीय कार्यालयात हा प्रयोग कुणीतरी वाचून दाखवायला हवा.

१९ मार्च, बुधवार

कॅश टॅली होईना. पाचशे कमी. पाच वाजता काकांनी पहिल्यांदा मोजलं, सव्वापाचला दुसऱ्यांदा. मोजताना त्यांचा उजवा अंगठा स्पंजवर नुसता जातयेत होता, स्पंज वाळलेला होता हे त्यांना कळत नव्हतं. कान लाल. शिपाईमामांनी न विचारता स्पंजवर पाणी टाकलं. तिसऱ्या मोजणीत पाचशेची नोट शंभराच्या बंडलात निघाली. काका हसले आणि म्हणाले, "पगारातून जाणार होती, वाचली."

तीस वर्षं ते हसतच आले आहेत. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये मॉन्ट्रिअलहून 'नेचर'ला छोटंसं पत्र पाठवलं होतं. उंदरांना थंडी द्या, जखम करा, विष टोचा, पळवून दमवा. कारण कुठलंही असो, ॲड्रिनल ग्रंथी सुजते, थायमस आक्रसतो, जठराला व्रण पडतात. आणि तीन पायऱ्या: आधी खळबळ, मग तग धरणं, शेवटी थकून कोसळणं. यातली मधली पायरी फसवी. वरून माणूस ठणठणीत दिसतो आणि आतून गंगाजळी खर्च होत असते. काकांना लोक 'आमचे काका म्हणजे बर्फ' म्हणतात. गेल्या दिवाळीत त्यांना अल्सर निघाला. तो अँटिबायोटिकनं बरा झाला, कारण अल्सरमागे बहुधा जिवाणू असतो, हे मार्शल आणि वॉरन यांनी दाखवलं आणि २००५ चं नोबेल घेतलं. म्हणजे सगळं खापर टेन्शनवर फोडूनही चालत नाही. पोट दुखतंय तर आधी डॉक्टर.

२१ मार्च, शुक्रवार

२४ आणि २५ चा देशव्यापी बँक संप पुढे ढकलला. पाच दिवसांचा आठवडा, पुरेशी भरती, कामगिरी मोजण्याच्या नव्या फर्मानाला विरोध अशा मागण्या होत्या. मुख्य कामगार आयुक्तांकडे बोलणी झाली, आश्वासन मिळालं. कृषी अधिकारी चिडला, काका सुस्कारले, कारण दोन दिवसांचा पगार कापला गेला असता.

मला मागण्यांची यादी वाचून बरं वाटलं. व्हीसीतल्या बाईंच्या यादीत एकही गोष्ट अशी नव्हती जी आमच्याशिवाय दुसऱ्या कुणी करायची आहे.

२३ मार्च, रविवार

आज घरी. हे पानं भरणं का चालू ठेवलं आहे? पेनीबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं सगळ्यांत जड दुखणं लिहायला लावलं. लिहून उठल्यावर त्यांना वाईटच वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. म्हणून लिहिते. लिहून लगेच हलकं वाटतं असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

२९ मार्च, शनिवार

काल अजित पवारांनी जाहीर सांगून टाकलं: ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा, इतक्यात माफी नाही. आज सकाळी शटर वर गेलं तेव्हा पायरीवर माणसं होती.

विधानसभेच्या वेळी माफीचं आश्वासन होतं, त्यावर लोक थांबले होते. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये, बाजारात चार हजारांच्या आसपास. भरावं तर पैसा नाही, भरलं आणि उद्या माफी आली तर आपणच मूर्ख. महिनोन् महिने याच कात्रीत. एक शेतकरी, साठीच्या पुढचे, काउंटरवर हात टेकून म्हणाले, "मॅडम, नाही म्हन्ले ते बरं झालं. आता हरबरा इकतो आन् नवं-जुनं करून घेतो." त्यांच्या बोलण्यात समाधान नव्हतं, शिव्याही होत्या. पण मागच्या आठवड्यात हेच गृहस्थ नुसते बसून गेले होते. आज कागद मागत होते. वाईट का होईना, उत्तर मिळालं होतं, आणि हातात करण्यासारखं काहीतरी आलं होतं.

राजकारण्यांनी याचं श्रेय घेऊ नये. अधांतरी ठेवलं कुणी?

त्यांच्यामागे एक बाई होत्या. नवरा जेवत नाही, रात्री उठून शेतात जाऊन बसतो, दाव्याकडे बघत राहतो, म्हणाल्या. खातं, व्याज, सगळं बाजूला ठेवलं. त्यांना आत बसवलं, एकटं सोडू नका, आजच जिल्हा रुग्णालयात दाखवा असं सांगितलं आणि पैसे भरायच्या स्लिपच्या मागे १४४१६ लिहून दिलं. हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आमच्यासमोरच फोन लावून दिला. त्यांचे दीर गाडी घेऊन आले तेव्हाच उठल्या. इथं दीर्घ श्वासाच्या गप्पा कुणी मारू नयेत. त्या घरातलं दावं आणि फवारणीचं औषध आधी कुलपात गेलं पाहिजे, हेही दिरांना सांगितलं.

३१ मार्च, सोमवार

ईद, तरी शाखा चालू. सरकारी भरण्याच्या शाखा उघड्या ठेवायचा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. आमच्या लिपिक भाईंचा काउंटर मी आणि काकांनी वाटून घेतला, ते नमाजानंतर घरीच थांबले. साहेबांनी आधी नाही म्हटलं, मग 'बघा तुम्हीच' म्हणाले. घरची गुढी काल मुलीनं उभारली, मी वसुलीला होते.

शेली टेलर यांनी २००० साली दाखवून दिलं, की लढा-किंवा-पळा हे चित्र बरंचसं नरांवरच्या संशोधनातून आलं. ताणात माणसं एकमेकांना धरून राहतात, सांभाळतात, विशेषतः बायका. आज आमच्याकडे पुरुषांनीही सांभाळलं. साडेअकराला दिवस बंद झाला. आम्ही लालमधून बाहेर नाही आलो.

२ एप्रिल, बुधवार

भाईंनी शीरखुर्म्याचा डबा आणला. अकरा वाजता नव्या वर्षाचं टार्गेट आलं, गेल्या वर्षीपेक्षा मोठं.

दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये बसून दोन गोष्टी ठरवल्या. शाखेचा स्वतःचा ग्रुप संध्याकाळी सातनंतर बंद. हे साहेबांच्या अधिकारात होतं, त्यांनी लगेच केलं. दुसरं, क्षेत्रीय कार्यालयाला पत्र: आकडे दिवसातून ठरलेल्या एकाच वेळी मागवा, सहानंतर व्हीसी नको, क्रमवारी लाल रंगात रोज सगळ्यांना दाखवू नका, आणि टार्गेट ठरवताना शाखेला एकदा विचारा. पत्र मी लिहिलं. पहिली सही साहेबांची, याचं मला नवल वाटलं.

काका आणि कृषी अधिकारी यांनी अजून सही केलेली नाही. बदल्यांची यादी मे महिन्यात लागते.