जाळीचं अलिप्तपण

मराठीच्या प्राध्यापकानं रेडिओच्या पोटात डोकावू नये, असा काही कायदा नाही. करंजाड्यातल्या आमच्या घरी वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. मध्यंतरी तो घसा बसल्यासारखा घोगरा बोलू लागला, तेव्हा शेजारच्या काकांनी त्याचा मागचा पुठ्ठा काढला. उमेदीची सारी वर्षं त्यांनी रेडिओदुरुस्तीत घालवलेली!

व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे इलेक्ट्रॉनांचा लोंढा धावतो. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टनं या वाटेत तारेची जाळी बसवली. ही जाळी ऋण ठेवतात. ऋण ऋणाला दूर लोटतं, म्हणून ती स्वतः जवळजवळ काहीच घेत नाही. तिच्यावर क्षीण ध्वनिलहर आली, की पलीकडचा लोंढा त्याच प्रमाणात कमीजास्त होतो. आवाज मोठा होतो, पण तोच राहतो.

जाळी धन झाली, की मात्र ती स्वतःच इलेक्ट्रॉन ओढू लागते. तो भार मागच्या व्हॉल्व्हवर पडतो, त्याला तो पेलत नाही आणि लहरींचे माथे चपटे होतात. आमच्या रेडिओतला मधला कंडेन्सर गळत होता. त्यातून मागचा धन दाब जाळीवर उतरत होता. काकांनी तो बदलला आणि म्हणाले, "मास्तर, जाळी स्वतः खायला लागली की आवाज फाटतो. मोठ्या यंत्रांत तिला थोडं खाऊही देतात. पण मग मागचा व्हॉल्व्ह दमदार लागतो."

त्याच आठवड्यात कॉलेजच्या वार्षिकांकासाठी एका विद्यार्थिनीचा लेख माझ्याकडे आला होता. विमानतळासाठी तिच्या कुटुंबाला गाव सोडावं लागलं. आजीनं घराला शेवटचं कुलूप लावलं, त्या दिवसाची हकीकत तिनं आगरी बोलीत लिहिली होती. "जरा शुद्ध करून घ्या," असं एका सहकाऱ्यानं सुचवलं. पेन माझ्या हातात होतं. शिक्षक, संपादक, समीक्षक, आम्ही सारी वाटेतलीच माणसं! मधल्या माणसाला आपला वाटा काढून घेण्याचा मोह फार. आपली पदवी, आपली शैली, आपलं व्याकरण त्या आवाजात मिसळलं, की आजी बोलायची थांबते आणि प्राध्यापक बोलू लागतो.

मी एकदोन स्वल्पविराम दिले आणि लेख तसाच छापायला धाडला. अंक निघाल्यावर ती आजी स्वतः कॉलेजात आली. तिला वाचता येत नव्हतं. नातीनं तो वाचून दाखवला होता. एवढंच म्हणाली, "मी बोललू तसाच हाय."