जकातीचा भार कुणाच्या खांद्यावर?

शुभवर्तमानात मत्तयाची पहिली भेट होते ती जकातीच्या नाक्यावर. कफर्णहूमच्या त्या नाक्यावरून प्रभूने त्याला उठवले आणि तो मागे गेला. नाका मात्र तेथेच राहिला. दुसऱ्याच दिवशी कोणी दुसरा जकातदार तेथे येऊन बसला असेल. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, तेव्हा त्यानेही त्यांना धंदा सोडण्यास सांगितले नाही. ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच बजावले. जकात असावी की नसावी, यापेक्षा ती कुणाकडून व किती घ्यावी, या प्रश्नाला त्याने महत्त्व दिले, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न फार जुना असला तरी शिळा झालेला नाही. व्यापार मुक्त असावा, म्हणजे जो देश जे उत्तम व स्वस्त पिकवील ते सर्वांना मिळेल, असे एक पक्ष म्हणतो. दुर्बल उद्योगाला काही काळ कुंपण हवे, असे दुसरा म्हणतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्यात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान देताना हेच सांगितले होते की, इंग्लंडला मानवणारा नियम सर्व देशांना सर्वकाळ मानवतोच असे नाही. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्ष ‘देशाचे हित’ असा एकच शब्द वापरतात आणि त्या शब्दाआड एकाच गावातील दोन शेजारी दडून जातात. भंडारा जिल्ह्याकडे पाहिले की ते दोन शेजारी स्पष्ट दिसू लागतात.

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. येथे धानाच्या शेताला बांधी म्हणतात. पावसाळ्यात रोवणी होते आणि दिवाळीच्या सुमारास पीक कापणीला येते. २० जुलै २०२३ रोजी, ऐन रोवणीच्या दिवसांत, केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. २५ ऑगस्टला उकड्या तांदळाच्या निर्यातीवर २० टक्के शुल्क बसवले. निर्यातबंदी उठली ती २८ सप्टेंबर २०२४ रोजी, तीही टनामागे किमान ४९० डॉलर भावाची अट घालून. ऑक्टोबरमध्ये ती अट गेली आणि उकड्या तांदळावरील शुल्कही गेले. म्हणजे २०२३ च्या खरिपाचे सगळे पीक या कुंपणाच्या आत विकले गेले.

सरकारचा हेतू वाईट होता, असे आम्ही म्हणणार नाही. शिधापत्रिकेवर दरमहा माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते. पण दोन्ही वेळा भात खाणाऱ्या घराचा महिना त्यावर निघत नाही. उरलेला तांदूळ बाजारातून आणावा लागतो. भूमिहीन मजुराच्या घरी तांदळाचा भाव किलोमागे चार रुपयांनी चढला, तर त्या आठवड्याची डाळ कमी होते. अल्पभूधारकाचे तर दोन्हीकडून असते. तो दिवाळीनंतर धान विकतो आणि आषाढात तांदूळ विकत घेतो.

मग नुकसान कुणाचे? ज्याच्याजवळ विकण्याजोगे धान आहे त्याचे. त्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,१८३ रुपये होती. आधारभूत किंमत म्हणजे पायाखालची जमीन; खरेदी केंद्रावर माल गेला तर भाव त्याखाली जात नाही. परंतु जगाच्या बाजारात भाव चढत असताना वर चढण्याची वाट निर्यातबंदीने अडवली. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक तांदळाचा भाव पंधरा वर्षांतील उच्चांकावर पोहोचला होता. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के असल्यामुळे आपण दार लावले, की आफ्रिकेतील गरिबाच्या ताटातला भात महागतो. कनानात दुष्काळ पडला तेव्हा याकोबाने मुलांना मिसरात धाडले. योसेफाने परक्यांना धान्य विकायचे नाही असे ठरवले असते, तर त्याच्याच बापाचे घर उपाशी मेले असते.

कोशाच्या बाबतीत हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. विदर्भात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे वाढवण्याचे काम मुख्यत्वे ढिवर समाज करतो. तळ्यात मासेमारी करणारी हीच माणसे हंगामात जंगलात मुक्काम करून पाखरांपासून व मुंग्यांपासून किड्यांची राखण करतात. टसर किड्याच्या एका वाणाला ‘भंडारा’ हेच नाव आहे. त्या कोशांपासून काढलेले सूत मोहाडी, आंधळगावच्या मागांवर जाते. करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली विदर्भाची करवती साडी तीन धोट्यांनी विणली जाते; तिला भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

कच्च्या रेशमावरील आयातशुल्क २०११ च्या अर्थसंकल्पात ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, २०१३ मध्ये १५ टक्क्यांवर गेले आणि २०२१ मध्ये १० वरून पुन्हा १५ टक्के झाले. शुल्क उतरले की परदेशी सूत स्वस्त होते. ते एकसारखे व न तुटणारे असल्याने विणकराला ताण्यासाठी सोयीचे पडते, त्याचा दिवस वाया जात नाही. पण त्याच वेळी कोश वाढवणाऱ्याचा भाव पडतो आणि हाताने सूत काढणाऱ्या बाईचे काम जाते. शुल्क चढले की कोशाला गिऱ्हाईक मिळते, पण विणकराचे सूत महागते. त्याची साडी यंत्रमागाच्या नकली कोशापुढे आणखी महाग ठरते. दोघेही गरीब, दोघेही कष्टाळू. दिल्लीतील एका आकड्याने एकाच्या पदरातले दुसऱ्याच्या पदरात जाते.

ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण या बाबतीत एका पक्षाला बांधलेली नाही. पोप पॉल सहावे यांनी १९६७ च्या आपल्या विश्वपत्रात तेराव्या लिओंचा दाखला दिला. मालक आणि मजूर यांची स्थिती विषम असेल, तर केवळ दोघांच्या संमतीने मजुरी न्याय्य ठरत नाही, हे लिओंनी १८९१ मध्ये सांगितले होते. राष्ट्राराष्ट्रांतील व्यापारालाही तोच न्याय लागतो, असे पॉल म्हणाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ मध्ये दुसरी बाजू दाखवली. जगाच्या बाजारापासून अलग राहिलेले देश मागे पडले आणि त्यात सामील झालेले पुढे गेले, असा अनुभव त्यांनी नोंदवला. त्याच वर्षीच्या जुलैत आपल्या देशानेही आयातशुल्काच्या भिंती उतरवण्यास आरंभ केला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले, तेव्हा आपल्याकडे मुक्त व्यापाराची थोरवी अनेकांना पटली. त्याच्या दोनच वर्षे आधी आपण तांदळाचे दार लावले होते, याची आठवण फारशी कुणी काढली नाही.

आमच्या मते कसोटी अशी असावी. स्वस्त तांदूळ ही गरिबाची निकड असेल, तर तिचा खर्च सर्वांच्या तिजोरीतून व्हावा. धान पिकवणाऱ्याच्या भावातून तो परस्पर कापून घेऊ नये. दार लावावेच लागले, तर रोवणीपूर्वी सांगावे आणि ते केव्हा उघडणार हेही सांगावे. रेशमावर शुल्क बसवले, तर त्या उत्पन्नातून कोश वाढवणाऱ्याला निरोगी अंडीपुंज आणि सूत काढणाऱ्या बाईला चांगले यंत्र मिळावे, म्हणजे एक दिवस विणकराला येथलेच सूत परवडेल. कुंपण रोपासाठी असते. आत कुणी पाणी घातले नाही, तर कुंपण तेवढे उरते.

हे निर्णय आपल्या हातचे नाहीत, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. धर्मग्रामांतील अभ्यासमंडळांत महागाईची चर्चा होते, तेव्हा तांदूळ किती रुपयांनी उतरला एवढ्यावरच ती थांबते. तो उतरला तेव्हा बांधीवर काय झाले, हेही तेथे विचारले जावे. लग्नासाठी कोशाची साडी घेताना भाव करण्यापूर्वी, हिचे सूत कुणी काढले, असे दुकानदाराला एकदा विचारून पाहावे. त्याला उत्तर ठाऊक नसेल. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर त्याला ते शोधावे लागेल.