घड्याळाच्या नावाचा तांदूळ

आमच्या घरी तांदूळ म्हणजे एचएमटी. बारीक दाण्याचा, मोकळा शिजणारा. ज्याने तो शोधला, त्याचं नाव मात्र कधी पोत्यावर छापलेलं पाहिलं नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं छोटं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती जेमतेम दीड एकर. १९८३ साली ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा पिवळसर होता. अशा लोंब्या कापणीत किती हातांखालून जात असतील! भाऱ्यात बांधल्या की विषय संपला. दादाजींनी त्या बाजूला काढून ठेवल्या.

पुढच्या हंगामात त्या वेगळ्या पेरल्या. त्यातलं चांगलं निवडलं, पुन्हा पेरलं. पावसाळी धान वर्षातून एकदाच येतं, म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर मिळायला अख्खं वर्ष. असं त्यांनी काही वर्षं केलं. आपण व्हिडिओ लोड व्हायला दहा सेकंद लागले तरी वैतागतो.

धान बाजारात गेलं, तेव्हा त्याला नाव हवं होतं. त्या काळी एचएमटीच्या घड्याळांचा बोलबाला होता. तेच नाव चिकटलं. बियाणं शेतकऱ्यांकडून शेतकऱ्यांकडे जात राहिलं. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित केलं.

मला इथे थांबून विचार करावासा वाटतो. बियाण्याला पासवर्ड नसतो. शेजाऱ्याला मूठभर दिलं, की पुढच्या वर्षी त्याच्याकडे पोतंभर होतं. म्हणूनच हा तांदूळ इतका पसरला, आणि म्हणूनच दादाजींच्या हाती फारसं काही आलं नाही. शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क देणारा कायदा २००१ चा. तोवर एचएमटी बाजारात रुळून गेला होता.

पुरस्कार मिळाले, ‘फोर्ब्स’नेही दखल घेतली. पण ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले, तोवर पैशाची ओढाताण काही सुटली नव्हती.

नवं काही शोधायला प्रयोगशाळाच लागते असं नाही, हे त्यांनी दाखवलं. पण शोधणाऱ्याच्या घरात चार पैसे यावेत, ही सोय शेतातल्या एकट्या माणसाला करता येत नाही. ते काम उरलेल्यांचं. निदान ‘एचएमटी’ म्हणताना पुढे ‘खोब्रागडेंचा’ एवढं तरी म्हणूया.