लाईट असेपर्यंत

हिरकणीवाडीतून आषाढातला रायगड दिसत नाही, ऐकू येतो. ढग पार भाताच्या खाचरांपर्यंत उतरलेले असतात आणि त्यांच्या आत कुठेतरी कड्यावरून पाणी कोसळत असतं. २००४ च्या पावसात मी मामाकडे गेलो तो अशाच एका दिवशी. पाठीवरच्या सॅकमध्ये तीन पिशव्यांत गुंडाळलेली, चाळीस जीबीची नवी हार्ड डिस्क. तेव्हा घरोघर एमएस-सीआयटीचं वेड शिरलं होतं. मामेबहिणीचा क्लास महाडला, सरावाला घरी कुणाकडून तरी घेतलेला जुना कॉम्प्युटर, आणि त्याची चार जीबीची डिस्क जात्यासारखी घरघरायला लागलेली.

नवी डिस्क जोडली. मशीनने आपली मेमरी मोजली, डिस्कचं नाव शोधायला गेलं आणि तिथेच बसलं. पुढे नाही, मागे नाही. मामा लावणीवरून आला, चिखलाचे पाय पडवीत तसेच ठेवून दारातून डोकावला. "नवी आणलीस ना? मग?"

मग काय सांगणार! मशीनचा हा हट्ट नव्हता, हिशेब होता. त्या काळच्या कित्येक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये डिस्कचे सिलिंडर मोजायला सोळाच बिटांची जागा असे. सोळा बिटांत ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावत नाही. डिस्क साधारण ३३.८ अब्ज बाइटांपलीकडे गेली की मोजणारा मोजायचं विसरतो, आणि आपण विसरलो हेही त्याला कळत नाही. डिस्कवरचा एक जंपर बदलून ती बत्तीस जीबीचीच आहे असं भासवता आलं असतं. पण चाळीस पायलीची कणगी विकत घ्यायची आणि बत्तीस पायलीच भरायची, हे मामाला पटलं नसतं. मलाही नाही. बायोसच बदलायला हवा होता.

बायोस म्हणजे मशीनला जागं व्हायला शिकवणारी विद्या. ती डिस्कवर नसते; बोर्डावरच्या एका चिपमध्ये, लाईट गेली तरी टिकून राहते. हार्डवेअरइतकी घट्ट नाही, सॉफ्टवेअरइतकी पातळ नाही, म्हणून फर्मवेअर. ती पुसून नवी लिहिता येते. मात्र पुसणं आणि लिहिणं यांच्या मधल्या क्षणी मशीनला काहीच येत नसतं. तेवढ्यात वीज गेली तर ते पुन्हा उठायचंच विसरणार. पुसलेल्या चिपची भीती तेव्हा ताजी होती. २६ एप्रिल १९९९ ला तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस जगभर जागा झाला होता आणि त्याने अनेक मशीनचे बायोसच खरवडून टाकले होते. चांगले धडधाकट कॉम्प्युटर त्या दिवसानंतर नुसते पंखा फिरवत बसले.

तेव्हा विंडोज चालू असताना बायोस लिहायचं काम करायचं नसे. विंडोजचा संसार मोठा. कोण कधी मध्ये हात घालेल सांगता येत नाही. म्हणून बूट डिस्क करायची: एक फ्लॉपी, तिच्यावर डॉसच्या मोजक्या फायली, चिप लिहिणारा छोटा प्रोग्राम आणि नवा बायोस. बस्स. ना माऊस, ना सीडी, ना मेमरीचे मॅनेजर.

"बुटाची डिस्क?" मामीने चुलीपासून विचारलं. "बूट काय, डिस्क काय, आधी पाय धुवून घे."

तिला सांगितलं, बुटाच्या मागे ओढायला पट्टी असते ना, तीच धरून स्वतःला वर उचलायचं, असला काहीतरी अर्थ आहे या शब्दात. ती म्हणाली, "असं कुणी उचलतं का?" तिचा प्रश्न बरोबर होता. पहिली ओळ वाचायला आधी कुणीतरी वाचता येणारं हवं. ते कुणीतरी म्हणजेच बायोस, आणि मी त्यालाच बदलायला निघालो होतो.

फ्लॉप्यांचा डबा काढला. पहिली टाकली, ड्राइव्ह खर्र करून थांबला. तिचं पत्र्याचं झाकण बोटाने सरकवलं तर काळ्या चकतीवर पांढरे ठिपके, पापडाला येते तशी बुरशी. दुसरीही तशीच. कोकणातला पावसाळा चामडं सोडत नाही, पुस्तक सोडत नाही, फ्लॉपी कशाला सोडेल? पाचवीनंतर मी नाद सोडला. तेव्हा मामी उठली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि टॉर्चच्या सेलबरोबर एक निळी फ्लॉपी वर काढली. "ही चांगली म्हणून ठेवली होती." तिच्या खाचेत एक कणी अडकली होती, ती सुईने काढली.

जुनी डिस्क लावून मशीन उठवलं आणि 'फॉरमॅट ए कोलन स्लॅश एस' असा हुकूम दिला. ऐंशी ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर अठरा सेक्टर, प्रत्येकात ५१२ बाइट. मिळून १४,७४,५६० बाइट होतात, चवलीचं गाठोडं. त्यातला अगदी पहिला सेक्टर म्हणजे उंबरा. बायोस तो वाचतो आणि पुढचा ताबा त्याच्याकडे देतो. सगळ्या फायली घालूनही फ्लॉपी अर्धीच भरणार होती.

या वाडीचं नाव जिच्यावरून पडलं, तिची गोष्ट इथल्या पोरांना पाळण्यातच कळते. गडावर दूध विकायला गेलेली हिरकणी, कोजागिरीची संध्याकाळ, बंद झालेले दरवाजे, आणि घरी तान्हं मूल. कडा उतरून ती घरी आली आणि त्या जागी महाराजांनी बुरूज बांधला, असं सांगतात. सगळे तिच्या काळजाविषयी बोलतात. मला मात्र त्या अर्ध्या रिकाम्या फ्लॉपीसमोर बसल्यावर तिच्या रिकाम्या हातांचा विचार आला. दुधाची कासंडी तिने वरच ठेवली असणार. डोक्यावर भांडं घेऊन तो कडा कोण उतरेल? १९९६ पासून याच वाडीतून रोपवे वर जातो, चार-पाच मिनिटांत. त्यातून खाली बघताना पोटात अजूनही खड्डा पडतो.

नव्या बायोसची फाइल आणायला महाडला जावं लागलं. चुकीच्या बोर्डाची फाइल भरली तर मशीन गेलंच, म्हणून बहिणीने चालू होताना पॉजचं बटण दाबून पडद्याच्या तळाशी दिसणारी लांबलचक अक्षरं वहीत उतरवून दिली होती, दोनदा तपासून. सायबर कॅफेत अडीचशे केबी उतरायला एक कटिंग चहा आणि एक वडापाव एवढा वेळ लागला.

उरला प्रश्न लाईटचा. यूपीएस नव्हता. पावसात तारेवर फांदी टेकली की वाडीभर काळोख. मामा म्हणाला, "मध्यरात्रीनंतर कर. तेव्हा लोड नसतो, लाईट हलत नाही." पाऊस मात्र घड्याळ बघत नाही, हे तो बोलला नाही.

तीन वाजता उठलो. दिवे बंद, पंखा बंद, मामीने फ्रीजचा प्लग काढला. त्याने फरक पडत नाही हे मी सांगितलं नाही. फ्लॉपीचा हिरवा दिवा लागला, पडद्यावर नुसतं ए आणि कर्सर. आधी जुना बायोस फ्लॉपीवर उतरवून घेतला, मग वाय दाबलं. एकेक पांढरा चौकोन पुढे सरकू लागला. बहीण बल्बकडे बघत होती, मामा दाराकडे, जणू वीज दारातून निघून जाणार होती. मध्येच कौलांवर पावसाची सर आली आणि कुणी हललं नाही.

मशीन पुन्हा सुरू झालं. डिस्कचं नाव आलं, शेजारी चाळीस हजारांच्या घरातला आकडा. बोर्डावरचा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल मेलेला असल्याने तारीख मात्र कुठल्यातरी जुन्या एक जानेवारीला जाऊन बसली होती. ती नीट केली आणि विचारलं, "वाजले किती?"

मामाने टॉर्च भिंतीवरच्या घड्याळावर मारला. एसटी चुकू नये म्हणून ते दहा मिनिटं पुढे लावलेलं असे. "साडेतीन," तो म्हणाला. मी साडेतीन टाकले.